दुखण्याचे नाव सांगताना

रोग ओळखणे हे वैद्याचे अर्धे काम होय. तो रोग्यास कळविणे हे उरलेले अर्धे, आणि पुष्कळदा तेच अधिक कठीण. पूर्वी दारुण रोगाचे नाव लपविणे हीच दया समजली जाई. १९६१ साली शिकागो येथील पाहणीत सुमारे ९० टक्के डॉक्टरांनी ‘कर्करोग झाल्याचे आम्ही रोग्यास सांगत नाही’ असे उत्तर दिले. १९७९ साली अमेरिकेतच तशी पृच्छा केली असता ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले.

आपल्या पालघर जिल्ह्यात हा प्रश्न सिकलसेल या रक्तविकारापाशी उभा राहतो. निरोगी मनुष्याच्या रक्तातील तांबड्या पेशी वाटोळ्या व लवचीक असून सुमारे १२० दिवस जगतात. या विकारात त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात, १० ते २० दिवसांत नाश पावतात व बारीक रक्तवाहिन्यांत अडकून असह्य वेदना देतात. आदिवासी समाजांत त्याचे प्रमाण अधिक आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्यप्रदेशातील शहडोल येथून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तीत चाळिशीपर्यंतच्या लोकांची तपासणी ठरलेली असल्यामुळे धडधाकट तरुणांच्या हातीही आता निदानाचा कागद येतो.

बोटातून रक्त घेऊन केलेली पहिली साधी परीक्षा दोष आहे एवढेच दाखविते. मनुष्य रोगी की केवळ वाहक, हे दुसऱ्या परीक्षेनंतरच ठरते. म्हणून पहिल्याच दिवशी ‘तुमचे रक्त खराब आहे’ असे बोलून मोकळे होणारा मनुष्य, मग तो कितीही शिकलेला असो, मोठा अनर्थ करितो. वाहकास बहुधा काहीच त्रास नसतो. परंतु त्या एका वाक्याने जुळलेली सोयरीक मोडू शकते.

दोष आई व बाप या दोघांकडून आला तरच हा रोग होतो. तरी बोल लागतो तो बहुधा सुनेला! याकरिता निदान सांगताना बापास समोर बसविणे अगत्याचे आहे. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणी मूल रोगी होण्याचा संभव चारांत एक असतो. याचा अर्थ पहिले रोगी निघाले म्हणजे पुढील तीन सुटली, असा नव्हे. पिशवीत चार चिंचोके, त्यांपैकी एक रंगविलेला; काढलेला चिंचोका दर खेपेस परत पिशवीत टाकावयाचा, असे दाखविले म्हणजे ही गोष्ट निरक्षर आजीसही उमगते.

चतुर डॉक्टर आधी रोग्यास काय ठाऊक आहे ते विचारतो, थोडे सांगून थांबतो, रडू आल्यास घाई करीत नाही. वारली बोलणाऱ्या घरात कित्येकदा शाळकरी मुलासच दुभाषा करितात. विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांवर तो प्रसंग आला तर ‘हे मला कळले नाही, पुन्हा सांगा’ असे खुशाल म्हणावे; आणि आईच्या जिवावरचे वर्तमान मुलाच्या तोंडून वदविणे आम्हांस तरी रास्त वाटत नाही, तेथे मोठे माणूसच बोलवावे.

नाव सांगून काम संपत नाही. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनांचे झटके कमी होतात. पाणी भरपूर प्यावे, थंडीपासून जपावे. ताप आला, छातीत दुखले वा धाप लागली तर तत्काळ इस्पितळ गाठावयाचे, हे तर रोग्याने घरी निघण्यापूर्वी स्वतःच्या शब्दांत डॉक्टरास म्हणून दाखवावे.