आता चौथं प्रकरण लिही

अगं, तुझी तिन्ही प्रकरणं काल रात्री वाचली आणि आज सकाळी चहा घेताना पुन्हा वाचली. पाठवताना तू लिहिलं होतंस, "ताई, काही खास नाही, वेळ मिळाला तर बघ." असलं पुन्हा लिहू नकोस बाई. खास आहे.

सोलापूरच्या त्या एका खोलीत तुझी अम्मा मांडीवर सूप घेऊन विड्या वळते. माल देऊन परत येते, तेव्हा किती विड्या बाद झाल्या हे तू सांगतच नाहीस. ती स्वतःच्या चहात साखर घालत नाही, एवढंच लिहितेस. तिथे मी थांबले. असं लिहायला शिकवून येत नाही गं. घरातलं तेलुगू बोलणंही तसंच राहू दे. कुणी म्हणेल, कंसात अर्थ दे. अजिबात देऊ नकोस. अम्मा का चिडलीय ते वाचणाऱ्याला बरोबर कळतं.

दुसरं प्रकरण मात्र जड झालंय. 1877 साली जुनी मिल सुरू झाली, तिथून तू इतिहास सांगायला बसतेस आणि चार पानं अम्मा दिसतच नाही. वडिलांचा भरलेला डबा तसाच परत आला, या एका वाक्यात गिरणी बंद पडल्याचं सगळं आलंय. बाकीचं पुढे काढता येईल. पण आत्ता त्याला हात लावू नकोस! पहिली तीन प्रकरणं घासत बसशील तर चौथं राहूनच जाईल. अशी कितीतरी अर्धी पुस्तकं कपाटात पडून आहेत.

आणि ते, "अम्माला काय वाटेल?" माझ्या मते तुझा हात तिथेच अडतोय. बेबीताई कांबळे फलटणला आपल्या छोट्याशा दुकानात बसून लिहायच्या आणि लिहिलेलं घरच्यांपासून वर्षानुवर्षं लपवून ठेवायच्या. अभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांनी त्यांना धीर दिला, मग ते 'स्त्री' मासिकात क्रमशः आलं आणि 1986 साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं. तुला लपवावं तरी लागत नाहीये. पुस्तक पुरं झालं की अम्माला समोर बसवून तूच वाचून दाखव. एखादी गोष्ट नको म्हणाली तर काढू. तिच्या वतीनं तू आत्तापासून नको म्हणू नकोस. कोण जाणे, उलट तीच म्हणेल, हे राहिलं, तेही लिही.

तोवर आणखी दहा जणांना दाखवू नकोस. प्रत्येकाचं मत वेगळं, आणि तुझं डोकं एकच.

त्या मोर्चाचं फोनवर सांगत होतीस ना, अम्मा पहिल्यांदा घरात न विचारता गेली तो? तेच चौथं प्रकरण. कच्चं असलं, खाडाखोड असली तरी चालेल. दिवाळीच्या आत मला पाठव, मी वाट बघतेय.