मूत्रपिंडांची परीक्षा

घरांत मधुमेहाचा रोगी असला कीं रक्ततपासणीचा कागद वरचेवर घरीं येतो. त्यांत ‘क्रिएटिनिन १.०’ असा आंकडा दिसला म्हणजे सर्व मंडळी निश्चिंत होतात. ही निश्चिंतता कितपत योग्य आहे, हें या लहानशा पाठांत पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मूत्रपिंड ही रक्ताची गाळणी होय. प्रत्येक मूत्रपिंडांत सुमारें दहा लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात. रक्तांतील साखर वर्षानुवर्षें वाढलेली राहिली म्हणजे त्या झिजूं लागतात. परंतु प्रारंभीं कांहीं दुखत नाहीं कीं खुपत नाहीं. मग रोग ओळखावा कसा?

क्रिएटिनिन हा स्नायूंच्या नित्य व्यापारांतून निघणारा केर आहे. गाळणी मंदावली कीं तो रक्तांत सांचतो. अल्कयुक्त द्रवांत पिक्रिक आम्लाच्या योगानें त्यास नारिंगी रंग येतो, हें मॅक्स याफे यांनीं १८८६ सालीं दाखविलें. त्याच तत्त्वावर आजही अनेक ठिकाणीं तो मोजला जातो.

परंतु स्नायू थोडे, तर केरही थोडा. पंचवीस वर्षांचा तरुण आणि पंचाहत्तर वर्षांची आजी, दोघांचाही आंकडा १.० आहे असें समजूं. वय व लिंग लक्षांत घेणाऱ्या २०२१ सालच्या सूत्रानें हिशेब केल्यास तरुणाच्या गाळण्याचा वेग मिनिटास सुमारें १०७ मिलिलिटर येतो, तर आजीचा अवघा ५९! हा वेग तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खालीं राहिला, तर तो जुनाट मूत्रपिंडविकार समजतात. आंकडा एकच, अर्थ मात्र निराळा.

आजी फारच कृश असेल, तर हा हिशेबही फसवा ठरूं शकतो. अशा वेळीं ‘सिस्टॅटिन सी’ नामक प्रथिन उपयोगी पडतें. तें शरीरांतील बहुतेक सर्व पेशी निर्माण करीत असल्यामुळें स्नायूंवर फारसें अवलंबून नसतें. थायरॉइडच्या विकारानें त्यांतही फरक पडतो. म्हणून दोन्ही पदार्थ मिळून केलेला हिशेब अधिक विश्वसनीय होय.

तथापि केवळ रक्त पाहून भागत नाहीं. पुष्कळदां क्रिएटिनिन वाढण्यापूर्वींच लघवींतून अल्ब्युमिन झिरपूं लागतें. यास्तव मधुमेही प्रौढांनीं रक्त व लघवी या दोन्ही परीक्षा प्रतिवर्षीं कराव्या. विकार लवकर कळल्यास साखर व रक्तदाब आटोक्यांत ठेवून आणि योग्य औषधें घेऊन त्याची गति मंद करतां येते.

विद्यार्थीमित्रहो, आज घरीं गेल्यावर आजीचा कागद काढा. क्रिएटिनिनच्या शेजारीं गाळण्याचा वेग लिहिला आहे काय, आणि लघवीची परीक्षा झाली आहे काय, एवढें पाहा. नसल्यास वडिलांस सांगा, म्हणजे ते डॉक्टरांस विचारतील.