तिघांतली तू एकटीच रुळू नकोस

सायवन, ता. डहाणू
३० नोव्हेंबर २०२५

चि. बाय,



परवा तू फोनवर बराच वेळ बोललीस. वॉर्डातल्या पेशंटांची बोली आता कळू लागली, नर्स म्हणून तुझी नोंदणी पक्की झाली, ड्युटीचा तक्ता आधी मिळतो, सगळं सांगितलंस. नवऱ्याबद्दल मात्र एकच वाक्य, “तो घरीच असतो.” आणि पोरीबद्दलही एकच, “ती बालवाडीत तोंडच उघडत नाही.” या दोन वाक्यांसाठी पत्र लिहायला बसलेय. फोनवर सांगितलं असतं तर तू “हो बाई, हो बाई” करून मोकळी झाली असतीस.

इथे भात झोडून झालं. वाडीवाडीतून माणसं जगायला बाहेर पडताहेत. भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर नवरा-बायको जोडीनं जातात. उचल जोडीच्या नावावर असते आणि हजार विटांमागचा हिशेबही जोडीचाच. त्या जगण्यात चांगलं काही शोधू नये. उचल फिटत नाही, पोरांची शाळा बुडते, तुझ्याच वर्गातली अर्धी बाकं दिवाळीनंतर रिकामी होत होती. पण तिथे एक होत नाही. एक जण कामाचा आणि दुसरा नुसता सोबत आलेला, असं नसतं. तुझ्या घरी आज नेमकं तेच आहे. नोकरी तुझी, भाषा तुझी, घराचा करार तुझ्या पगारावर, आणि तो तुझ्या मागून कुटुंबाच्या व्हिसावर आलेला. माझी भाची तिकडे जर्मनीतच असते. तिच्याकडे राहून आले तेव्हा अशी आपली बरीच घरं पाहिली. बर्फाला आणि पावाला माणसं लवकर सरावतात. बिनसतं ते जोडीतल्या एकाच्या दिवसाला काही अर्थ उरत नाही तेव्हा.

त्याच्या परवान्यावर काम करायची मुभा आहे ना, ते कागद काढून दोघांनी मिळून वाचा. कुशल कामगाराच्या जोडीदाराला ती असते. पण भाषेवाचून मुभेचा उपयोग काय? तिथे सरकारी इंटिग्रेशन कोर्स असतो, ६०० तास भाषेचे आणि वर १०० तास कायदा, इतिहास, चालीरीती यांचे. त्यात त्याचं नाव घाल. नाही, तू घालू नकोस, त्यालाच जाऊन घालू दे. तिशीतल्या माणसाला पुन्हा बाकावर बसायची लाज वाटते, हे मला माहीत आहे. पण त्या वर्गात सीरियाचा सुतार असेल, युक्रेनची मास्तरीण असेल, सगळे त्याच्यासारखेच अडखळणारे. बायकोसमोर चुकण्यापेक्षा त्यांच्यासमोर चुकणं पुरुषाला सोपं जातं, आता याला काय करणार! दुकानात, बँकेत, डॉक्टरकडे त्याच्या वतीनं बोलायची सवय मात्र सोड. त्यानं चुकीचं पीठ आणलं तर त्या पिठाचं काहीतरी करून खा.

पोरीचं म्हणशील तर तिची मला बिलकूल काळजी वाटत नाही. तू पहिलीत आश्रमशाळेत आलीस तेव्हा घरी वारली बोलत होतीस आणि फळ्यावर मराठी होतं. दिवाळीपर्यंत तू एक शब्द बोलली नाहीस. मी स्वतः सांगलीकडची, नवी नवी इथे आलेली. मला तुझं कळत नव्हतं, तुला माझं. दिवाळीनंतर मात्र तू अशी सुटलीस की “आता गप्प बस” म्हणावं लागायचं. मूल गप्प असतं तेव्हा कान भरत असतं. तेव्हा रोज संध्याकाळी “आज काय बोललीस?” असं विचारून तिची परीक्षा घेऊ नकोस. आणि तिथल्या बाईंनी सांगितलं नसताना घरात मोडकंतोडकं जर्मन सुरू करू नकोस. घरात बाप वारली बोलतो, तू वारली आणि मराठी दोन्ही बोलतेस, तेच चालू दे. भरपूर बोला, गोष्टी सांगा, भांडा. जर्मन तिला वर्गातली पोरं शिकवतील, आणि तुझ्यापेक्षा चांगलं शिकवतील. पुढे ती फडाफडा बोलायला लागली की दवाखान्यात, कचेरीत तिला दुभाषी म्हणून पुढे करायचा मोह होईल. तो टाळा. सहा वर्षांच्या पोरीनं बापाचं दुखणं डॉक्टरला सांगायचं, हे बापालाही बरं नाही आणि पोरीलाही.

तिथे बालवाडीत सुरुवातीचे काही आठवडे आई किंवा बाप मुलाजवळ बसतो आणि हळूहळू वेळ कमी करत नेतो, ही रीत मला फार आवडली. आपल्याकडे पोर दारात सोडायचं आणि रडू ऐकू येऊ नये म्हणून पाठ फिरवून भरभर चालायचं! तुमचा तो काळ तुझ्या पाळ्यांमध्ये घाईत उरकला, असं तू म्हणालीस. आता पोरीला ने-आण करायचं काम पूर्ण त्याच्याकडे दे, पालकसभाही त्याचीच. त्याला जर्मन ओळखी तिथेच मिळतील. घरमालक किंवा तुझ्या वॉर्डातल्या सिस्टर या तुझ्या ओळखी, त्याच्या नव्हेत.

कधीतरी बालवाडीच्या जत्रेत “तुमच्या देशाचं काहीतरी दाखवा” म्हणतील. सिनेमाचा नाच अपेक्षित असेल. तू वारली चित्रं काढतेस, हे कळलं की भिंतच रंगवायला देतील. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि त्यांची चित्रं जपान-युरोपात पोचली, त्यामुळे आता ती चित्रं कुणाला अगदी नवी नाहीत. काढ खुशाल. शेत काढ, झाडं काढ, तारप्याचा फेर काढ. फक्त लग्नाचा चौक आणि त्यातली पालघट देवी शोभेसाठी काढू नकोस. तो सुवासिनींनी लग्नघरात काढायचा, लग्न लावणाऱ्या धवलेरीच्या गाण्यासोबत. आणि चित्र तू काढलंस तर फेर धरायला त्याला पुढे कर. पंचवीस जर्मन पोरं एकमेकांच्या कमरेत हात घालून त्याच्या मागे गोल फिरताहेत, हे मला बघायचंय. व्हिडिओ पाठव.

पैशाचं एकदाच सांगते. गावाकडून मागणी येणार, बोअरवेल, दिराचं लग्न, कुणाचं बाळंतपण. दोघांनी बसून महिन्याचा आकडा ठरवा आणि त्याच्या आईला पैसे त्याच्या हातून जाऊ द्या. पोरीसाठी सरकार महिन्याला पैसे देतं (२०२५ साली २५५ युरो), ते या हिशेबात धरू नका, ते तिचे.

कागदपत्रांची फाइल मात्र दोघांनाही कळेल अशी लाव. डहाणू-घोलवडच्या इराणी बागायतदारांचे पूर्वज इराणातून इथे आले, घरात आपली भाषा ठेवली, बाजारात गुजराती-मराठी उचलली आणि चिकूच्या वाड्या उभ्या केल्या. नव्या मुलखात कुटुंबानं कसं रुजावं, हे त्यांच्याकडून जरूर शिकावं. पण त्याच मुलखात पिढ्यान्‌पिढ्या असलेले तुझे पणजोबा स्वतःच्या जमिनीवर वेठ करत होते. ती मोडायला १९४५ साली झरीला वारल्यांची सभा भरावी लागली. कष्ट दोघांनीही केले, कागद एकाकडे होता. म्हणून मुदत संपायच्या कितीतरी आधी परवान्याच्या तारखा बघत जा, त्याच्याही आणि पोरीच्याही.

तुझ्या आईनं पाठवायला सांगितलेलं तूप मी पाठवणार नाही. बाहेरून नेलेलं दुधाचं काहीही विमानतळावर काढून घेतात, पेढेसुद्धा. सुकी मासळी मात्र चालते, म्हणून सध्या इकडे आलेल्या भाचीच्या सामानातून बोंबील आणि सुकट देते आहे, नागलीचं पीठही देईन. ती पंधरा डिसेंबरला निघेल. सुकट भाजायच्या आधी वरच्या मजल्यावरच्या आजींना सांगा, नाहीतर त्या अग्निशमन दलाला बोलावतील. सांगायला जिना त्यालाच चढू दे.

हिवाळ्यात घड्याळात साडेचार तासांचं अंतर असतं. रविवारी तुमच्या दुपारी दोनला फोन कर, आणि आधी त्याच्याकडे दे.

तुझी,
बाई