नौबादचा भुयारी कालवा : सहा विषयांचा एक पाठ

सहावी, सातवी आणि आठवी या तीन इयत्तांत मुलाच्या शिक्षणाला निराळे वळण लागते. पाचवीपर्यंत एकच गुरुजी बहुतेक सर्व विषय शिकवितात. पुढे विषयागणिक शिक्षक बदलतात, तास बदलतात आणि वह्याही वेगळ्या होतात. इतिहासाच्या तासाला मूल राजधान्यांची नावे पाठ करते, भूगोलाच्या तासाला खडकांचे प्रकार आणि गणिताच्या तासाला गुणोत्तर. या तिन्ही गोष्टींचा आपल्या गावाशी व एकमेकींशी काही संबंध आहे, हे मात्र त्याला क्वचितच उमगते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस व १००० तास अध्यापनाची अपेक्षा ठेवली आहे. एवढे तास खर्ची पडूनही ज्ञान तुकड्यातुकड्यांनीच हाती लागले, तर त्याचा उपयोग मर्यादितच राहणार.

यावरील उपाय नवा नाही. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून मूलोद्योगी शिक्षणाची योजना पुढे आली. हातातील काम व भोवतालचा परिसर यांच्याशी सर्व विषयांची सांगड घालणारी समवाय पद्धती हा त्या योजनेचा गाभा होता. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही सहावी ते आठवी हा स्वतंत्र टप्पा मानून त्यात दहा दिवस दप्तराविना शिक्षणाची सूचना केली आहे. अशा दिवसांचा उपयोग कसा करावा, याचे एक उदाहरण बीदर शहरालगतच्या नौबाद येथील भुयारी कालव्याच्या आधारे येथे मांडले आहे.

कालवा कसा आहे?

या कालव्यास फारसीत ‘कारेज’ म्हणतात. कन्नडमध्ये ‘सुरंग बावी’ हे नाव रूढ आहे. चढाच्या बाजूस भूजल लागेल अशा ठिकाणी एक खोल विहीर खणावयाची. ही मूळ विहीर होय. तेथून उताराकडे अगदी अल्प ढाळ देऊन जमिनीखालून बोगदा न्यावयाचा आणि मध्ये ठरावीक अंतरांवर उभी विवरे पाडावयाची. खणताना या विवरांतून दगडमाती वर काढता येते व कामगारांना हवा मिळते. पुढे बोगद्याची साफसफाईही त्यांतूनच होते. पाणी केवळ उतारामुळे वाहते. मोट नाही, पंप नाही. नौबादचा कालवा दोन किलोमीटरांहून अधिक लांब असून त्यावर वीसहून अधिक विवरे आहेत. बीदर येथे शुक्लतीर्थ व जमना मोरी या नावांचे असेच आणखी दोन कालवे आहेत.

१. इतिहास. बहामनी सुलतान अहमदशहा (राज्यकाल १४२२ ते १४३६) याने राजधानी गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, बीदरला आणली. राजधानी हलली की दरबार, फौज, कारागीर व व्यापारीही येतात आणि त्या सर्वांना पाणी लागते. बहामनी दरबाराचा इराणशी निकटचा संबंध होता. कोरड्या प्रदेशात भूजल दूरवर नेण्याची विद्या इराणात प्राचीन काळापासून अवगत होती, आणि तेथील अशा कालव्यांचा समावेश २०१६ मध्ये जागतिक वारसा यादीत झाला आहे. हीच विद्या पुढे दख्खनमध्ये इतरत्रही दिसते. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथील मलिक अंबरची नहर सतराव्या शतकाच्या आरंभीची आहे. मुलांनी नकाशावर इराण, बीदर, विजापूर व औरंगाबाद ही स्थळे दाखवावीत. राजांच्या सनावळ्यांमागे लोकांच्या गरजा उभ्या असतात, हे त्यांना यातून आपोआप कळेल.

२. भूगोल. बीदरचे पठार तांबड्या जांभ्या खडकाचे आहे व त्याखाली काळा कातळ आहे. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यात मुरते. खालच्या चिकण थरापाशी व कातळापाशी त्याची वाट अडते आणि ते तेथे साठून राहते. कालवा खणणाऱ्यांनी नेमके हेच पाणी हेरले. मुलांनी गावातील विहिरींची पाहणी करून कोणत्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात टिकते व तेथे कोणता दगड लागला, याचा तक्ता तयार करावा.

३. विज्ञान. जांभ्याचा व काळ्या दगडाचा साधारण सारख्या वजनाचा एकेक तुकडा घ्यावा. दोन्ही कडक उन्हात वाळवून त्यांचे वजन करावे. एक दिवस पाण्यात बुडवून ठेवावे, वरचे पाणी टिपून पुन्हा वजन करावे. समजा, जांभ्याचे वजन ५०० ग्रॅमवरून ५६० ग्रॅम झाले, तर त्याने आपल्या वजनाच्या १२ टक्के पाणी शोषले. काळ्या दगडाचा आकडा शेजारी मांडला की सच्छिद्रता म्हणजे काय, हे निराळे सांगावे लागत नाही. आरोग्याचा धडाही येथेच घ्यावा. पाणी जुन्या बांधकामातून आले म्हणून ते शुद्ध ठरत नाही. पायऱ्यांच्या विहिरींच्या पाण्यातून पसरणारा नारू एकेकाळी गावेच्या गावे अंथरुणाला खिळवीत असे. पाण्यात न उतरणे, पाणी गाळून पिणे अशा उपायांनी त्याचे उच्चाटन झाले आणि २००० साली भारत नारूमुक्त म्हणून घोषित झाला.

४. गणित. कालव्याचा ढाळ हजारास एक आहे असे मानल्यास दोन किलोमीटरांत बोगदा किती खाली जाईल? उत्तर २ मीटर. इतका सूक्ष्म ढाळ साधणे किती अवघड आहे, हे शाळेच्या आवारात पाहता येते. गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन मुलांनी दोन खुंट्यांची पातळी जुळवावी. दुसरे उदाहरण : १५ लिटरची बादली ३० सेकंदांत भरली, तर एका दिवसात किती पाणी मिळेल? ४३,२०० लिटर. जलजीवन मिशनचे ग्रामीण भागासाठीचे दर माणशी दररोज ५५ लिटरचे प्रमाण धरल्यास हे पाणी सुमारे ७८५ माणसांना पुरेल. तिसरे उदाहरण पावसाचे. एक हेक्टर जमिनीवर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी पडले. मग ५० मिलिमीटर पावसाचे पाणी किती, हे मुलांनी स्वतः काढावे.

५. भाषा. मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू या चार भाषा बीदरच्या बाजारात एकत्र नांदतात. कन्नड ‘बावी’, मराठी ‘बाव’ व हिंदी-उर्दू ‘बावली’ या शब्दांचे मूळ संस्कृत ‘वापी’ या शब्दापर्यंत पोहोचते. ‘हौद’ आणि ‘नहर’ हे शब्द अरबी-फारसीतून आले. सीमाभागातील मराठी माध्यमाच्या मुलाला कन्नडचे ओझे वाटते, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. पाण्याशी संबंधित पंचवीस शब्द चारही भाषांत लिहून त्यांचा तक्ता वर्गात लावला, तर शेजारची भाषा आपल्याच घराच्या ओसरीवर आली आहे, असे त्यास वाटू लागेल. घरातील वडीलधाऱ्यांना विचारूनच हे शब्द जमवावेत. आजीआजोबांचे ज्ञान शाळेत येण्याचा तो सोपा मार्ग आहे.

६. नागरिकशास्त्र. नौबादच्या कालव्यावरील काही विवरे माती व कचरा पडून बुजली होती. वर वस्ती वाढत गेली आणि खाली पाण्याची वाट आहे याचा विसर पडला. २०१५ च्या सुमारास गाळ काढण्याचे व विवरे मोकळी करण्याचे काम हाती घेण्यात आले. तथापि एकदा गाळ काढून भागत नाही. एका विवरात टाकलेला राडारोडा खालचा संपूर्ण प्रवाह अडवू शकतो, आणि वरच्या भागात उपसा वाढला तर मूळ विहीरच कोरडी पडते. वारसा जपणे व पर्यावरणाचे रक्षण करणे ही राज्यघटनेच्या ५१-क या अनुच्छेदातील मूलभूत कर्तव्ये होत. ‘आपल्या जमिनीतील विवर बुजविण्याचा अधिकार कोणास आहे काय?’ या प्रश्नावर आठवीच्या वर्गात चर्चा घ्यावी व तिचे इतिवृत्त मुलांनीच लिहावे.

काही सूचना

कोणत्याही विवरात वा बोगद्यात मुलांना उतरवू नये. आत दूषित हवा असू शकते व दरड कोसळण्याचा धोका असतो. पाहणी वरूनच, कठड्यापासून दूर राहून, किमान दोन शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि स्थानिक अधिकाऱ्यांस आगाऊ कळवून करावी. मुख्याध्यापकांनी सर्व विषयशिक्षकांची एक बैठक घेऊन कोणी काय शिकवावयाचे हे आधी ठरवावे, म्हणजे तेच ते पुन्हा सांगितले जाणार नाही. शेवटी मुलांनी तयार केलेले नकाशे, तक्ते व हिशेब ग्रामसभेत अथवा पालकसभेत मांडावेत.

ज्या गावी असा कालवा नाही तेथे बारव आहे, तलाव आहे, ओढा आहे, निदान पाण्याची टाकी तरी आहेच. तीच त्या शाळेची प्रयोगशाळा समजावी. नौबादचे पाणी सुमारे सहा शतकांपूर्वी ज्यांनी जमिनीखालून नेले, त्यांना खडक, ढाळ, हिशेब आणि माणसांची गरज यांचा एकत्र विचार करता येत होता, म्हणूनच ते काम उभे राहिले. आज विवरांची तोंडे कोठे आहेत हे ज्या मुलांना नकाशावर दाखविता येईल, तीच मुले उद्या मोठी झाल्यावर ती तोंडे बुजू देणार नाहीत.