कंबरेतली गादी : मोठ्या डॉक्टरकडे केव्हा जायचे?

लागणीच्या दिवसांत बेण्याची मोळी उचलताना कंबरेत कळ येते आणि ती कुल्ल्यातून पोटरीत उतरते. घरातले म्हणतात, "उसण भरली, पायाळू माणसाची लाथ घ्या." पण कळ पायात उतरली की ती नुसती उसण नसते. बहुधा मणक्यामधली गादी फुगून पायाच्या नसेवर दाबत असते. तिथे लाथ घेऊ नये.

बहुतेकांचे हे दुखणे दीड-दोन महिन्यांत उतरते. मात्र बाजेवर पडून राहू नका. झेपेल तेवढे चाला, वजन उचलू नका. लगेच एम.आर.आय.साठी शहर गाठायचीही घाई नको. गादी फुगलेली तर काही न दुखणाऱ्या माणसाच्याही फोटोत दिसते! सहा आठवड्यांनीही कळ हटली नाही, तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. जोडीला ताप असेल किंवा वजन घटत असेल, तर तेवढीही वाट पाहू नये.

पायातली चप्पल निसटते, टाचेवर उभे राहता येत नाही, म्हणजे पायाची ताकद चालली. दुसऱ्या दिवशीच जा.

आणि लघवी तुंबली, किंवा न कळत होऊ लागली, बसायच्या जागेची जाणीव गेली, तर रात्र असो की फडात तोड चालू असो, त्याच घटकेला मोठा दवाखाना गाठा. इथे तासांचा हिशोब असतो. उशीर झाल्यास लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. बायाच काय, बाप्येसुद्धा हे लाजेने सांगत नाहीत. डॉक्टरला पहिल्यांदा तेच सांगा.