खिळे गेले, कामगाराचे काय?

कारखान्यात किंवा कचेरीत नवे यंत्र आले की आपण त्याच्या वेगाचे कौतुक करतो. तेच काम आजवर हाताने करणाऱ्या मनुष्याचे पुढे काय झाले, हे मात्र आपण क्वचितच विचारतो. या पाठात आपण छापखान्यातील कंपॉझिटरचे उदाहरण घेऊ.

१. हातातील कसब

जोडाक्षरे, काना-मात्रा व वेलांट्या यांमुळे देवनागरी खिळ्यांना इंग्रजीपेक्षा कितीतरी अधिक घरे लागत. कोणता खिळा कोठे, हे हाताला पाठ होण्यास दीर्घ उमेदवारी करावी लागे. या धंद्यात शिकून माणसे वरही चढली. जावजी दादाजी हे लहानपणी मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामास लागले; पुढे १८६९ साली त्यांनी निर्णयसागर छापखाना काढला.

२. काय गेले, काय राहिले

१९८० नंतरच्या दशकात देवनागरी जुळणी संगणकावर होऊ लागली आणि हळूहळू खिळे मोडीत निघाले. खिळे उचलण्याची चपळाई वाया गेली. परंतु शुद्धलेखनाची जाण, ओळ कोठे तोडावी, पान कसे बांधावे, चूक कशी हेरावी, हे ज्ञान संगणकापुढेही लागतेच. म्हणजे कामगार अडाणी ठरला नव्हता. त्याला फक्त कळफलक शिकावयाचा होता. त्यासाठी अवधी, शिक्षण आणि तोवरचा पगार हवा. पन्नाशीच्या मनुष्याला हे न मिळता घरी बसावे लागले, तर त्यास त्याचा आळस म्हणणे अन्यायाचे होईल.

३. भार कोणावर?

कामगार-कपात होईल असा यंत्रबदल करण्यापूर्वी मालकाने २१ दिवसांची सूचना द्यावी, असे कलम १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात पुढे घालण्यात आले. २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी १५ दिवसांच्या वेतनाइतक्या पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे. पण पंधरा दिवसांत कोणता नवा धंदा हातात बसतो? आज संगणक मजकूर लिहितो, भाषांतरही करतो. त्यामुळे हा प्रश्न कारकून व शिक्षकांच्याही दाराशी आला आहे. यंत्राचा लाभ अनेकांना होतो, तर शिकण्याचा खर्च एकट्या कामगाराने का सोसावा?

वर्गात चर्चेसाठी

(१) तुमच्या कामात हाताचे कसब कोणते व त्यामागील ज्ञान कोणते?
(२) तुमच्या ओळखीत यंत्रामुळे काम गेलेला कोणी आहे काय? त्याला काय ठाऊक आहे, हे आपण कधी विचारले काय?
(३) आपल्यातील तरुण अशा वडीलधाऱ्यांस आठवड्यातून एक तास काय शिकवू शकतील, आणि त्यांच्याकडून काय शिकतील?