दाव्यात न लिहिलेली गोष्ट

चि. समीर,


दाव्याचा मसुदा वाचला. कागद नीट जुळवले आहेस, बाजूही तुझी खरी वाटते. तरी दाखल करायला महिनाभर थांब.

वकिलीत असताना बांधाचा एक दावा मी चालवला. सख्खे भाऊ, वाद दोन फुटांचा, मोजण्या तीन. शेवटी न्यायालयाने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ प्रमाणे प्रकरण मध्यस्थीला पाठवलं. मध्यस्थ बाईंनी थोरल्याला वेगळं बसवून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "बांधाचं काय घेऊन बसलात! तोडणीला माझी उसाची ट्रॉली निघत नाही." दाव्यात रस्त्याचं एक अक्षर नव्हतं. दावा मी लिहिला होता आणि त्याला हे कधी विचारलंच नव्हतं. ते मला अजून बोचतं. धाकट्याने तोडणीपुरता रस्ता दिला, थोरल्याने बांधाचा हट्ट सोडला. न्यायाधीशांना हे देता आलंच नसतं, जे मागाल त्यावरच निकाल होतो.

तुझा गट चुलतभावाच्या वहिवाटीत, त्याचा तुझ्या, तेही आजोबांच्या वेळेपासून. तुला कसलेली जमीन सोडायची आहे की सातबारा दुरुस्त हवा आहे? सातबारा हवा असेल तर २०२३ ची सलोखा योजना अशाच अदलाबदलीसाठी आहे. ताबा किमान १२ वर्षांचा हवा, मुद्रांक शुल्क १००० रुपये, नोंदणी फी १०००. सध्याची मुदत दुय्यम निबंधकाकडे विचार. पण त्याला चुलतभावाची संमती लागते आणि ती दावा लावून मिळत नाही.

तालुका विधी सेवा समितीकडे मध्यस्थीसाठी दाखलपूर्व अर्ज दे. मध्यस्थ निकाल देत नाही, तुम्हाला बोलतं करतो. तिथलं बोलणं पुढे पुरावा म्हणून वापरता येत नाही, तेव्हा मनातलं सांग. जमलं तर तडजोड लोक अदालतीपुढे ठेवून निवाडा करून घे. १९८७ च्या कायद्याने त्याला हुकूमनाम्याचं बळ आहे आणि त्यावर अपील नाही. म्हणूनच गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा वाचल्याशिवाय सही करू नकोस. तुझ्या आईला बरोबर ने. भाऊजींच्या मागे सातबाऱ्यावर तिचंही नाव लागलं आहे.

आणि अर्ज देण्याआधी चुलतभावाच्या घरी जाऊन ये. नोटीस पोस्टमनच्या हातून येण्याआधी त्याला अर्जाचं तुझ्या तोंडून कळू दे.

तुझा,
मामा